सैन्यात जायचंय, पण नावावर 'किरकोळ' केस आहे...

एसएसबीची तयारी म्हटली की आपल्याकडे सगळे पहाटेच्या रनिंगबद्दल आणि 'कॉन्फिडन्स'बद्दल बोलतात. मेडिकलमध्ये कोणाचा चष्मा आडवा येतो, कोणाचे तळपाय सपाट निघतात, हेसुद्धा सगळ्यांना पाठ असतं. पण पोलीस पडताळणीचा विषय निघाला की एकदम शांतता! कारण प्रत्येक विंगमध्ये एखादा तरी असतोच, ज्याच्या नावावर गावाकडे काहीतरी आहे. विसर्जनातली मारामारी, रास्ता रोको, मॅचनंतरचा राडा. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं. कायद्याचे शब्द विचारून-विचारून लिहिलेत, हसायचं तर हसा, पण पुढे वाचा.)

पहिला गैरसमज हा की फॉर्म आपल्याला 'तू गुन्हेगार आहेस का' असं विचारतो. तसं नाहीये. केंद्र सरकारच्या नोकरीत जो साक्षांकन फॉर्म भरून घेतात, त्यातले प्रश्न बघा. कधी अटक झाली होती का? खटला चालला होता का? चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं होतं का? कोर्टानं दंड केला होता का? आत्ता एखादी केस चालू आहे का? आणि त्याच यादीत, खास आपल्यासाठी, परीक्षेला बसायला बंदी किंवा विद्यापीठातून रस्टिकेट झाला होता का? म्हणजे कॉपीचं प्रकरणसुद्धा अटकेच्या शेजारी येऊन बसतं!

आता 'चॅप्टर केस' घ्या. गावात तिला कोणी केस म्हणतच नाही. भांडण होऊ नये म्हणून पोलीस आधीच कारवाई करतात, तहसीलदारांसमोर उभं करतात, बाँड देऊन पोरगा संध्याकाळी घरी. पूर्वी हे कलम १०७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १२६ झालं. यात गुन्हा शाबीत होत नाही, शिक्षा नाही. पण बंधपत्राच्या प्रश्नाला उत्तर 'हो' असंच येतं. म्हणून प्रश्न शब्द न् शब्द वाचायचा. जे विचारलंय ते सगळं सांगायचं. न विचारलेलं सांगायची सक्ती मात्र नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका दोस्ताचं उदाहरण त्याला विचारूनच देतोय. २०२२ च्या विसर्जनात त्यांच्या गावात दोन मंडळांची जुंपली. एफआयआरमध्ये ह्याचंही नाव, कलमं ३२३, ५०४, ५०६. अठरा पूर्ण होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. आता तो टीजीसीचा फॉर्म भरतोय. मामा म्हणतात, "अरे, मिटलेली केस ती. लिहूच नकोस, कोण बघतंय?" वडील म्हणतात, "लिहिलंस की गेलास." दोघंही प्रेमापोटीच बोलतायत, पण मामांचं गणित साफ चुकलंय. पडताळणी पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डवरून होते आणि एफआयआर तिथून कुठे पळून जात नाही. कोर्टानं मान्य केलेली तडजोड कायद्यात निर्दोष मुक्ततेसारखी धरतात, हे खरं. तरी 'खटला चालला होता का' याचं उत्तर त्यामुळे 'नाही' होत नाही ना!

सुप्रीम कोर्टानं हा प्रश्न बऱ्याचदा हाताळलाय. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतलं एक प्रकरण आलं होतं, तेही मारहाण आणि तडजोडीचंच. उमेदवारानं आधी माहिती दिली नव्हती, तरी कोर्टानं तरुण वयाकडे बघून त्याच्या बाजूनं निकाल दिला. मग २०१६ मध्ये 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी नियमच घालून दिले. तरुणपणी घोषणा देण्यासारखी क्षुल्लक गोष्ट लपवली असेल तर नोकरी देणारा ती माफ करू शकतो. 'शकतो', बरं का. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही, पूर्वचरित्र तपासायचा अधिकार त्यांच्याकडे राहतोच. त्यामुळे वडिलांची भीती उडवून लावता येत नाही. माझ्या मते ही व्यवस्थेतली खरी उणीव आहे: खरं बोलणाऱ्याला कसलीच हमी नाही. तरीही लपवणं जास्त महागात पडतं. २०२२ मध्ये चालू केस लपवलेल्या सीआरपीएफच्या जवानांची अपिलं कोर्टानं फेटाळली. सैन्यात तर आर्मी ॲक्टचं कलम ४४ आहे: जवान म्हणून भरती होताना जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर कोर्ट मार्शल आणि पाच वर्षांपर्यंत कैद.

केस चालू असेल तर मात्र अवघड आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथविरोधात जाळपोळ झाली, तेव्हा सैन्यानं पत्रकार परिषदेतच सांगितलं की एफआयआर असेल तर भरती नाही, आणि प्रत्येकाची पडताळणी होणार. तेव्हा गर्दीत फोटो काढायला उभे राहणाऱ्यांनी जरा विचार करा!

अठराच्या आतल्या प्रकरणांचा नियम वेगळा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा मुलाला पुढे अपात्र धरता येत नाही (सोळाच्या वरचा आणि प्रौढ म्हणून खटला चाललेला असेल तर अपवाद). २०१९ मध्ये सीआयएसएफच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही उमेदवाराच्या बाजूनंच निकाल दिला. आमच्या दोस्ताचे ते चार महिने किती महाग पडले बघा.

हॉस्टेलवाल्यांनो, रॅगिंगसुद्धा यातच येतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्युनियरला रात्री दोनला गच्चीवर नाचवणं ही 'मजा' नाही, ती एफआयआर होऊ शकते.

लॉकडाऊनमधल्या कलम १८८ च्या केसेस मागे घ्यायचं राज्य सरकारनं २०२२ मध्ये ठरवलं. पण मागे घ्यायला कोर्टाची परवानगी लागते, तेव्हा आपल्या केसमध्ये तसा आदेश झालाय का ते तिथे जाऊनच बघा.

दोस्तानं खरं लिहायचं ठरवलंय. त्याच्यासारख्यांनी एक काम आधी उरकावं: ज्या कोर्टात केस संपली तिथल्या नकला विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची प्रत काढून ठेवावी. केस नंबर आठवत नसेल तर वकिलांच्या डायरीत किंवा ई-कोर्ट्सच्या साइटवर नावानं शोधता येतो. झेरॉक्स नाही, प्रमाणित प्रतच हवी, आणि दोन काढा. एक पडताळणीच्या वेळी द्यावी लागली तर दुसरी घरी राहील.