नवउद्योगातील गुंतवणूक : वैद्यांनी जाणून घ्यावयाची मूलतत्त्वे

एस्टी लॉडर या अमेरिकन कंपनीने २००८ मध्ये फॉरेस्ट एसेन्शियल्सचे भाग घेतले. २०२२ मध्ये पुइग या स्पॅनिश कंपनीने कामा आयुर्वेदमधील बहुतांश हिस्सा विकत घेतला. अशी उदाहरणे सांगून एखाद्या नवजात कंपनीत पाच लाख रुपये गुंतविण्याचा प्रस्ताव वैद्याकडे वा फार्मसीचालकाकडे आल्यास निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, याचा येथे विचार करू.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की, ही ठेव नव्हे आणि कर्जही नव्हे. भाग म्हणजे मालकी. त्यास व्याज नाही, मुदत नाही, परतफेडीची हमी नाही. कंपनी बंद पडल्यास सर्व देणी भागवून काही उरले, तरच ते भागधारकास मिळते. भाग शेअर बाजारात नोंदलेले नसल्याने हवे तेव्हा विकताही येत नाहीत. म्हणून जी रक्कम पूर्णपणे बुडाली तरी संसार व चिकित्सालय अडणार नाही, तेवढीच गुंतवावी. तीही एकाच कंपनीत नव्हे.

दुसरा मुद्दा मूल्यांकनाचा. गुंतवणुकीपूर्वी कंपनीचे मूल्य ४ कोटी रुपये ठरले व १ कोटी नव्याने आले, तर एकूण मूल्य ५ कोटी होते. त्यात आपले ५ लाख म्हणजे १ टक्का. पुढील फेरीत नव्या गुंतवणूकदारास २० टक्के हिस्सा दिल्यास आपला वाटा ०.८ टक्का उरतो. म्हणून टक्केवारी ‘आधीच्या’ मूल्यावर की ‘नंतरच्या’, हे लेखी विचारावे.

तिसरा मुद्दा कायद्याचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी वाटपाचे पैसे रोखीने घेता येत नाहीत, जाहिरात करता येत नाही आणि रक्कम मिळाल्यापासून ६० दिवसांत भागवाटप करावे लागते. रोख रक्कम मागणाऱ्यास किंवा दरमहा ठरावीक परताव्याचे आमिष दाखविणाऱ्यास तेथेच नकार द्यावा. करारनामा सनदी लेखापालास व वकिलास दाखवावा.

चौथी परीक्षा मात्र आपणच करू शकतो. उत्पादनाचा परवाना स्वतःचा की लोन लायसन्सचा? कारखाना शेड्यूल टी नुसार आहे काय? प्रोप्रायटरी औषधासाठी नियम १५८-बी नुसार आवश्यक पुरावा आहे काय? कच्च्या द्रव्यांची ओळख व प्रमाणीकरण कोण करतो? मधुमेह समूळ बरा करण्याची जाहिरात असेल, तर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याचा भंग होतो व त्याची झळ भागधारकाच्या पैशालाही लागते.

शेवटी एक सावधगिरी. कित्येकदा पैशापेक्षा वैद्याचे नाव व त्याची रुग्णसंख्या हवी असते. ज्या कंपनीचे भाग आपणाकडे आहेत, तिचे औषध लिहून देताना रुग्णास तसे स्पष्ट सांगावे. हे सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर ती गुंतवणूक न करणेच श्रेयस्कर. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. रुग्णाचा विश्वास तसा मिळविता येत नाही.