सांगाडा बदलावा कीं बदलूं नये?

बिनतारी नियंत्रणानें उडणारें स्वस्तसें हेलिकॉप्टर घरांत आलें, कीं चार-दोन आपटींतच त्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा तडकतो आणि चिरंजीव मजबूत सांगाड्यासाठीं हट्ट धरतात. हा हट्ट पुरविण्यापूर्वी सांगाड्याचें खरें कार्य काय, हें वडीलधाऱ्यांनीं जाणून घेणें इष्ट होय.

तैवानच्या अलाइन कंपनीचें 'टी-रेक्स ४५०' हें हेलिकॉप्टर या छंदांत प्रसिद्ध असून त्याच्या बरहुकूम अनेक स्वस्त प्रतिकृती निघाल्या. त्याचें एकेक पातें सुमारें ३२५ मिलिमीटर लांब असतें. मोटारीवरील १३ दांत्यांचें चिमुकलें चक्र १५० दांत्यांच्या मोठ्या चक्रास फिरवितें. म्हणजे मोटारीच्या साडेअकरा फेऱ्यांस पंख्याचा एक फेरा. भारानें प्लॅस्टिक लवलें, कीं या चक्रांमधील अंतर बदलतें, दांते झडतात आणि थरथरीमुळें तोल सांभाळणारा जायरो फसतो. कार्बन-तंतूंचा सांगाडा सहसा लवत नाहीं, हाच त्याचा मुख्य गुण.

परंतु तो आपटीवरील कवच नव्हे! प्लॅस्टिक स्वतः तुटून जो धक्का सोसतें, तो ताठ सांगाड्यांतून थेट दांड्यावर व चक्रांवर जातो. म्हणून ज्यास यंत्र हवेंत एके जागीं स्थिर ठेवतां येत नाहीं, त्यानें तूर्त जुनाच सांगाडा वापरावा आणि पैसा जादा पात्यांवर खर्चावा. हात बसल्यावर मात्र हा बदल अवश्य करावा.

जोडणी करतांना कार्बनच्या कडा ओल्या पॉलिशकागदानें, नाक झांकून, घासाव्यात. ती भुकटी श्वासांत जाऊं देऊं नये. कार्बन वीजवाहक असल्यामुळें तारा कडांपासून दूर बांधाव्या व ग्राहक-यंत्राची ॲन्टेना सांगाड्याबाहेर काढावी. धातूंत बसणाऱ्या स्क्रूंस ते सैल न होण्यासाठीं मिळणाऱ्या द्रवाचा थेंब लावावा. दोन चक्रांमध्यें कागदाची पट्टी धरून मोटार आवळावी व मग पट्टी काढून घ्यावी. अंतर बेताचें राहतें.

शेवटीं एक इशारा. पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेऊं लागला, म्हणजे पात्यांच्या टोंकांचा वेग ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक होतो. तेव्हां सांगाडा कितीही मजबूत असो, घराच्या अंगणांत, मुलाबाळांच्या घोळक्यांत हें यंत्र उडवूं नये. मोकळें मैदान आणि शेजारीं एक जाणतें माणूस, एवढें पथ्य प्रत्येक कुटुंबानें पाळावें.