वऱ्हाडच्या उन्हात मुळांना गारवा : घरच्या हायड्रोपोनिक्ससाठी चिलर निवडताना

मे २०२४ च्या अखेरीस अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला उष्णतेमुळे कलम १४४ लागू करावे लागले होते. अशा दिवसांत माणूस सावली शोधतो, कूलर लावतो. गच्चीवरील पाइपांत मातीविना वाढणाऱ्या लेट्यूसला मात्र कोठेही जाता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत टवटवीत दिसणारी हीच रोपे एप्रिलमध्ये भरपूर पाणी असूनही माना टाकतात. उपटून पाहिल्यास पांढरीशुभ्र मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झालेली आढळतात. दोष बहुधा खताचा नसतो, पाण्याच्या तापमानाचा असतो. पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, घेण्याचा विचार येथूनच सुरू होतो. तथापि हे यंत्र महाग असते आणि चुकीचे निवडले तर पैसा व पीक दोन्ही हातचे जातात.

मुळे का गुदमरतात?

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पोषकद्रावणात बुडालेल्या मुळांना प्राणवायू पाण्यातूनच मिळतो आणि पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, तर ३५ अंशांना जेमतेम ७. याउलट तापमानाबरोबर मुळांची प्राणवायूची गरज वाढत जाते. या कोंडीत सापडलेल्या मुळांवर पिथियमसारखे रोगकारक सहज हल्ला करतात आणि मूळकूज सुरू होते. पालेभाज्यांना साधारणतः १८ ते २२ अंशांचे द्रावण मानवते. २५ अंशांपर्यंत निभावते, त्यापुढे धोका वाढत जातो.

आधी उष्णता अडवा

चिलरची क्षमता टाकीच्या लिटरवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शंभर लिटर पाणी ३४ वरून २२ अंशांवर आणण्यास सुमारे १.४ युनिट इतकी उष्णता काढावी लागते. हे काम चार तासांत उरकायचे तर साडेतीनशे वॅट शीतनक्षमता पुरते. परंतु खरा भार यानंतर सुरू होतो. भोवतालची हवा ४२ अंश आणि पाणी २२ अंश असताना उघडी टाकी व पाइप अखंड उष्णता शोषत राहतात. चार इंची पाइपांची आठ मीटर लांबी आणि उघडी टाकी मिळून सावलीतही सुमारे पाचशे वॅट उष्णता आत येऊ शकते. थेट ऊन पडत असेल तर त्याहून अधिक. पाण्यात बुडवलेल्या पंपाची वीजही शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते.

म्हणून यंत्रापूर्वी आवरणाचा विचार करावा. टाकीला एक इंच जाडीच्या थर्माकोलचे वेष्टण दिल्यास तिच्यात शिरणारी उष्णता सहाव्या-सातव्या हिश्शावर येते. पाइपांवर फोमची नळी आणि पांढरा रंग, वर शेडनेट, टाकी जमिनीलगत व सावलीत, एवढे केल्यावर उरलेल्या भाराएवढाच चिलर घ्यावा.

काय पाहून घ्यावे?

पहिली गोष्ट शीतनक्षमतेची. बाजारात चिलर ‘एक दशांश’ किंवा ‘एक चतुर्थांश’ अश्वशक्तीचे म्हणून विकले जातात. तो आकडा काँप्रेसरचा असतो, गारव्याचा नव्हे. पाण्यातून किती वॅट उष्णता काढली जाते आणि ती किती अंश बाह्य तापमानाला मोजली आहे, हे विचारावे. सौम्य हवेत मोजलेली क्षमता वऱ्हाडातल्या मे महिन्यात घटते. म्हणून गणितात आलेल्या आकड्याच्या दीडपट यंत्र घेणे सुरक्षित. यंत्र कमाल किती तापमानापर्यंत चालते, हेही लेखी पाहावे.

दुसरी गोष्ट धातूची. पोषकद्रावण किंचित आम्ल आणि क्षारयुक्त असते. तांब्याची नळी त्यात झिजते आणि विरघळलेले तांबे झाडांना अपाय करते. द्रावणाला स्पर्श करणारी नळी टायटॅनियमचीच असावी. काँप्रेसरविना चालणारे पेल्टियर पद्धतीचे स्वस्त चिलर वीस-तीस लिटरच्या लहान डब्यापुरतेच ठीक. वऱ्हाडी उन्हापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. चिलर पाण्यातील उष्णता बाहेर टाकतो. बंद खोलीत ठेवल्यास तीच गरम हवा तो पुन्हा ओढून घेतो. चहूबाजूंनी वारा मिळेल अशी सावली त्याला हवी.

विजेचा हिशेब

पाचशे वॅट उष्णता दिवसरात्र काढायची झाल्यास काँप्रेसरला दिवसाकाठी पाच युनिटच्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारे दीडशे युनिट वीज लागते. इतक्याने घरगुती बिल वरच्या दराच्या टप्प्यात जाऊ शकते. आवरण उत्तम असेल आणि थर्मोस्टॅट २० ऐवजी २३-२४ अंशांवर ठेवला तर हा खर्च बराच उतरतो. वीज गेल्यावर काय, हा प्रश्नही आहेच. पातळ प्रवाहाच्या पद्धतीत पंप थांबताच मुळे सुकू लागतात. खोल पाण्याच्या मोठ्या टाकीत गारवा काही तास टिकतो. अडचणीच्या वेळी फ्रीजरमधल्या बर्फाच्या बंद बाटल्या टाकीत सोडाव्यात. शंभर लिटर पाणी एक अंशाने उतरवायला साधारण एक किलो बर्फ लागतो.

माठाचे शहाणपण

वऱ्हाडचे ऊन कोरडे आहे, ही जमेची बाजू. हवा ४४ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल तर बाष्पीभवनाने गारवा सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकतो. माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात. टाकीभोवती ओले गोणपाट गुंडाळून वारा दिल्यास द्रावण बरेच उतरते. ही टाकी मात्र थर्माकोलविना असावी, एरवी बाहेरचा गारवा आत पोहोचत नाही. बाष्पीभवन बाहेरच्या साध्या पाण्याचे व्हावे, द्रावणाचे नव्हे, अन्यथा क्षारांचे प्रमाण वाढते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी मुळातच खारट असल्याने तेथे ही काळजी दुप्पट. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय मंदावतो, पण तेव्हा पाराही खाली आलेला असतो.

घरापुरती चार जुड्या भाजी हवी असेल तर आवरण, सावली आणि ओले गोणपाट यांवर बहुतांश काम भागते. लेट्यूस ऑक्टोबर ते फेब्रुवारीत घ्यावे आणि उन्हाळ्यात चवळई, अंबाडी, मायाळू अशा ऊन सोसणाऱ्या भाज्यांना पाइप मोकळे करून द्यावेत. ज्यांना भर मे महिन्यातही लेट्यूस हवेच, चिलर त्यांच्यासाठी आहे. त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी टाकीत तापमापक सोडून आठवडाभर सकाळ, दुपार आणि रात्रीच्या नोंदी घ्याव्यात. किती अंश उतरवायचे आहेत हे कळल्यावरच यंत्राची किंमत विचारावी.