रोगी एक, वैद्य अनेक

परळच्या भोईवाड्यांत आतां पालख्या राहिल्या नाहींत व त्या वाहणारे भोईहि राहिले नाहींत. नांव तेवढें मागें उरलें आहे. या वस्तीच्या अगदीं लगत टाटा स्मारक रुग्णालय, के. ई. एम. व वाडियांचीं रुग्णालयें उभीं असल्यामुळें, हातांत फायली व क्ष-किरण चित्रांचीं पाकिटें घेतलेलीं, चेहरा उतरलेलीं माणसें येथील रस्त्यांवर रोज दृष्टीस पडतात. बहुतेकांच्या मुखीं प्रश्न एकच: "यांतला उत्तम डॉक्टर कोणता?" आमच्या मतें याहून मोलाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो सुशिक्षित घरांतूनहि क्वचितच विचारला जातो. पहिला उपाय करण्यापूर्वीं हे सारे डॉक्टर एकत्र बसले होते काय?

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्याच वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांच्या विश्वस्तनिधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं हें रुग्णालय ८० खाटांनिशीं उघडलें. पुढें १९५७ मध्यें तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ मध्यें अणुशक्ति खात्याकडे गेलें. आज तेथें रोगाच्या स्थानावरून मंडळें पाडलेलीं आहेत: स्तनाचें निराळें, तोंड व मान यांचें निराळें, हाडांचें निराळें. प्रत्येक मंडळांत शस्त्रवैद्य, किरणोपचार करणारे, औषधोपचार करणारे, चित्रें वाचणारे व पेशी तपासणारे असे निरनिराळ्या विद्येचे लोक असतात. अवघड रोग्याचा विचार ते मिळून करतात आणि ठरलेला बेत कागदावर चढतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. कर्करोगांत उपायाइतकेंच उपायांच्या क्रमास महत्त्व आहे. स्तनांतील गांठ मोठी असली तर पुष्कळदां आधीं औषधें देऊन ती लहान करावी लागते, व शस्त्र मागाहून चालतें. मांडीच्या हाडांत गांठ असतां तपासणीसाठीं तुकडा ज्या वाटेनें काढला, ती वाटहि पुढें गांठीबरोबर कापून काढावी लागते. म्हणून सुई कोठून घालावयाची हें पुढील शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या सल्ल्यानेंच ठरलें पाहिजे. घाईनें भलत्या ठिकाणीं छेद घेतला, तर जो पाय वांचला असता तो गमावण्याची पाळी येऊं शकते. तोंडाच्या कर्करोगांत तर दंतवैद्यहि मंडळांत हवा. जबड्यावर किरण पडून गेल्यावर दांत उपटल्यास हाड सडण्याचें भय असतें; किडके दांत त्यापूर्वींच निघाले पाहिजेत. ही साधी गोष्ट एकट्या शस्त्रवैद्याच्या ध्यानांतून निसटूं शकते. दंतवैद्य शेजारीं बसला असेल तर ती निसटत नाहीं.

या पद्धतीचा कस परदेशांत लागलेला आहे. स्कॉटलंडमध्यें ग्लासगो भागांत १९९५ च्या सुमारास स्तनाच्या कर्करोगासाठीं अशीं मंडळें सुरू झालीं. तेथील व शेजारच्या भागांतील मिळून १३,७२२ स्त्रियांची माहिती तपासून २०१२ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत मंडळें असलेल्या भागांत या रोगानें होणारे मृत्यू शेंकडा १८ नीं कमी आढळले. त्याच्याहि पुष्कळ आधीं, १९०७ सालीं, अमेरिकेंत मेयो बंधूंच्या रुग्णालयांत डॉक्टर हेन्री प्लमर यांनीं एका रोग्याची सारी हकीकत एकाच फायलींत ठेवण्याची रीत पाडली. त्यापूर्वीं प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहींत टिपण ठेवी. सर्वांसमोर एकच कागद नसेल तर एकत्र बसूनहि कोणाचा मेळ कोणाशीं बसणार?

यावर एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतों, व तो अगदींच पोकळ नाहीं. अनेकांचें काम तें कोणाचेंच नव्हे. रोग्यास रोज नवा चेहरा दिसतो आणि धीर देणारा कोणीच भेटत नाहीं, असें लोक म्हणतात. मोठ्या रुग्णालयांतील गर्दींत असें घडतेंहि. म्हणून निर्णय मंडळाचा असला तरी उत्तरदायी डॉक्टर कोण, हें पहिल्याच भेटींत स्पष्ट विचारून घ्यावें. त्यांत संकोच कसला?

आतां आपल्या घराविषयीं दोन शब्द. एकत्र कुटुंबांत आजार निघाला कीं सल्लागारांस तोटा नसतो. थोरल्या काकांच्या ओळखीचे एक शस्त्रवैद्य असतात, आत्याबाईंच्या माहितींतला रामबाण काढा असतो, आणि अमेरिकेंतील पुतण्या फोनवरून निराळेंच सांगतो. डॉक्टर एकत्र बसूं लागले तरी घर एकत्र बसत नाहीं! आणि ज्या वहिनींस अगर काकूंस हा आजार, त्यांस आपल्याला काय झालें आहे हें सर्वांच्या शेवटीं कळतें. हेतु मायेचा असतो, हें आम्ही जाणतों; पण स्तन राखून मागाहून कित्येक आठवडे किरणांसाठीं खेपा घालावयाच्या, कीं तो सबंध काढावयाचा, असे दोन्ही मार्ग मोकळे असतात तेव्हां उत्तर त्या बाईवांचून दुसरें कोण देणार? तिच्या वतीनें दिरानें मान डोलावणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

तेव्हां डॉक्टरांशीं बोलण्यास रोग्याच्या संमतीनें एकच माणूस नेमावा व त्यानें एक वही ठेवावी. चालू असलेलीं सर्व औषधें, काढ्यासुद्धां, न लपवितां सांगावीं. बाहेर तुकडा तपासला असेल तर नुसता अहवाल नेऊन भागत नाहीं. कांचेवरच्या स्लाइडी व मेणांतले ठोकळेहि मागून न्यावे, कारण मंडळांतील पेशीपरीक्षक ते स्वतः पाहतो. घरच्या जुन्या डॉक्टरांस या बेताची नक्कल द्यावी. रात्रीं दोन वाजतां ताप चढल्यावर बहुधा त्यांनाच हांक मारावयाची असते.

आणि प्रत्येकानें बाडबिस्तरा घेऊन भोईवाड्याच्या फूटपाथवर येऊन पडलेंच पाहिजे असेंहि आतां नाहीं. २०१२ सालीं टाटा रुग्णालयाच्या पुढाकारानें राष्ट्रीय कर्करोग जाळें उभें राहिलें. देशभरच्या तीनशेंहून अधिक संस्था त्यांत आहेत. दूरच्या गांवचे डॉक्टर अवघड रोग्याची चित्रें व कागद पडद्यावर मांडून निरनिराळ्या ठिकाणच्या तज्ज्ञांशीं विचार करूं शकतात. आपल्या गांवाजवळचें रुग्णालय या जाळ्यांत आहे काय, एवढें तेथें विचारून पाहावें. प्रवास कदाचित् फायलीनेंच करावयाचा असेल.