विश्लेषण : ‘अजून पॉप होऊ दे’ म्हणजे नेमके काय? डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी ब्रीफ आणि फीडबॅक कसा वाचावा?

उपयोजित कला आणि ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमांत गुणांचा मोठा भार प्रकल्पांवर असतो. प्रकल्पाची सुरुवात एका पानाच्या ‘ब्रीफ’ने होते आणि शेवट ‘जुरी’ने. मधल्या काळात शिक्षकांकडून फीडबॅक मिळत राहतो. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या चित्रफितींना तोटा नाही, पण ब्रीफ वाचायचे कसे आणि फीडबॅकचे करायचे काय, हे सहसा ज्याचे त्यानेच शिकावे लागते. त्यामुळे चांगला हात असलेल्या विद्यार्थ्यांचेही आठवडे वाया जातात. त्याचा फटका गुणांना बसतो आणि पुढे पहिल्या नोकरीलाही.

ब्रीफ म्हणजे काय?

‘काय बनवायचे’ एवढेच ब्रीफ सांगत नाही. कोणती अडचण सोडवायची, हे त्यात मांडलेले असते. अभियांत्रिकीत ज्याला प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. चांगल्या ब्रीफमध्ये पाच गोष्टी सापडतात : डिझाइन कोणासाठी आहे, काय सांगायचे आहे, ते पाहून माणसाने काय करावे, ते कुठे दिसणार आहे आणि मर्यादा कोणत्या आहेत. यातली एखादी गोष्ट ब्रीफमध्ये नसेल, तर शिक्षकांना विचारायचा पहिला प्रश्न तोच.

ते वाचायचे कसे?

समजा, ब्रीफ असे आहे : ‘पावसाळ्यात डेंग्यू टाळण्यासाठी एसटी स्थानकावर लावायचे पोस्टर. आकार ए३, भाषा मराठी, छपाई दोन रंगांत.’ हे वाचून अनेकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा भलामोठा डास येतो. आता यातला एकेक शब्द तपासू. ‘एसटी स्थानक’ म्हणजे वाचणारा उभा आहे, हातात पिशवी आहे, लक्ष गाडीच्या पाटीकडे आहे. पोस्टरच्या वाट्याला काही सेकंदच येणार. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, त्यामुळे दुरून वाचता येईल असा मजकूर मोजकाच मावणार. ‘दोन रंग’ म्हटल्यावर पूर्ण रंगीत छायाचित्राचा मार्ग बंद.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘टाळण्यासाठी’. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगितले जाते. म्हणजे पोस्टरवरची मुख्य गोष्ट पाण्याचे पिंप आहे, डास नव्हे. हा निर्णय ब्रीफ वाचूनच होतो, सॉफ्टवेअर उघडण्याआधी. त्यामुळे ब्रीफचा अर्थ आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहून शिक्षकांना दाखवणे, हे पहिले स्केच दाखवण्याइतकेच महत्त्वाचे.

नेमक्या ब्रीफचे उदाहरण कोणते?

रुपयाचे चिन्ह. केंद्र सरकारने २००९ मध्ये त्यासाठी खुली स्पर्धा घेतली. चिन्हात भारतीय संस्कृतीचे प्रतिबिंब हवे आणि ते संगणकाच्या प्रमाणित कळफलकावर वापरता यावे, अशा अटी होत्या. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, अंतिम फेरीत पाच उरल्या. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांच्या चिन्हावर शिक्कामोर्तब केले. त्यांनी आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, म्हणजे आयडीसीमध्ये पीएचडीचे संशोधन केले होते. देवनागरी ‘र’ आणि उभी रेघ काढलेला रोमन ‘आर’ या चिन्हात एकत्र येतात, वरच्या दोन आडव्या रेघांतली एक शिरोरेषेची आठवण देते. त्याच वर्षी हे चिन्ह युनिकोडमध्येही आले. ब्रीफमधील दोन्ही अटींचे उत्तर एकाच आकृतीत मिळते.

फीडबॅक कुठे फसतो?

‘मजा नाही येत’, ‘रिकामं रिकामं वाटतंय’, ‘अजून पॉप होऊ दे’ ही वाक्ये वर्गातही ऐकू येतात आणि पुढे ग्राहकाकडूनही. त्यांत तक्रार असते, पण कारण नसते. फीडबॅक साधारण तीन प्रकारचा असतो. ‘नजर आधी कोपऱ्यातल्या लोगोवर जाते’ हे निरीक्षण. ‘शीर्षक लाल करा’ हा उपाय. ‘मला हा रंग आवडत नाही’ ही आवड. निरीक्षण सर्वांत मोलाचे. उपायामागे बहुतेक वेळा न बोललेले निरीक्षण दडलेले असते. ‘लाल केल्याने काय सुधारेल, सर?’ असे विचारले की ते बाहेर येते. कदाचित शीर्षक दिसतच नसेल आणि खरे औषध रंग नसून आकार असेल.

‘रिकामं वाटतंय’ ऐकून अनेक जण मोकळ्या जागेत वेलबुट्टी भरतात. प्रत्यक्षात चित्र आणि मजकूर एकमेकांपासून तुटलेले असतात, जागेचा दोष नसतो. एक शिक्षक शीर्षक मोठे करा म्हणतात, दुसरे चित्र मोठे करा म्हणतात, तेव्हाही दोघांचे निरीक्षण एकच असू शकते : आधी काय पाहायचे, हे ठरलेले नाही.

मोजून तपासता येईल असे काही आहे का?

बरेच आहे. पडद्यावरील नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी रंगांतील उजेडाचा फरक किमान ४.५:१ असावा, मोठ्या अक्षरांसाठी ३:१ चालतो, असा वेब सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम १.०७:१ भरतो. छपाईसाठी कडेने साधारण ३ मिलिमीटर जादा भाग सोडावा लागतो, छायाचित्रे प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआयची लागतात.

मराठी मजकुराचे नियम वेगळे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येत असल्याने इंग्रजीला पुरणारे ओळींमधील अंतर देवनागरीला अपुरे पडते. इंग्रजीसारखी अक्षरे फाकवली तर शिरोरेषा तुटते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू यांसारखे मोफत युनिकोड फॉन्ट आता उपलब्ध आहेत.

सर्वांत स्वस्त चाचणी मात्र भिंतीवरची. पोस्टर खऱ्या आकारात छापायचे, भिंतीला लावायचे, वर्गाबाहेरच्या पाच जणांना पाच सेकंद दाखवायचे आणि काय लक्षात राहिले ते विचारायचे.

फीडबॅक पटला नाही तर?

नाकारता येतो, पण कारण ब्रीफमधून द्यावे लागते. ‘मला असेच आवडते’ हे जुरीत टिकत नाही. ‘दोनच रंग आहेत, तिसरा घेतला तर अट मोडते’ हे टिकते. शंका असेल तर सांगितलेला बदल करून दोन्ही आवृत्त्या शेजारी लावाव्यात. वहीत तीन रकाने आखावेत : काय सांगितले, त्यामागचे निरीक्षण काय, आपण काय केले. ‘फायनल_फायनल_३’ नावाच्या फाइल्सपेक्षा हा तक्ता अधिक कामाचा.

याचा नोकरीशी काय संबंध?

मुलाखतीत पोर्टफोलिओ उघडला की ‘हे असेच का केले?’ हा प्रश्न हमखास येतो. म्हणून फसलेला पहिला आराखडा, त्यावरचा फीडबॅक आणि नंतरचा बदल, हे तिन्ही जपून ठेवावेत. देखणा डास आता एआय काही सेकंदांत काढून देते. एसटी स्थानकावरच्या माणसाला डास नको, पिंप दाखवायला हवे, हे उमेदवाराला कसे सुचले, ते मात्र त्या तीन कागदांतूनच दिसते.