थिबा राजवाडा बघताना आधी छप्पर बघा

परवा मुंबईच्या पाहुण्यांना थिबा राजवाडा दाखवला. एकजण म्हणाला, "हा तर साहेबाचा बंगला!"

अर्धं खरं आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा मात्र १९१० मध्ये उभा राहिला. १९१६ मध्ये राजा वारलाच.

साहेबी इमारतीचा रुबाब दर्शनी भिंतीत असतो. इथे नजर जाते ती उतरत्या छपरांकडे आणि अर्धगोल खिडक्यांच्या लाकडी नक्षीकडे. बांधकाम जांभ्याचं, म्हणजे आपलंच.

भिंतीपेक्षा छपराला मान देण्यात जपानची जुनी घरं याच्याही पुढची. भार लाकडी खांबांवर. भिंती म्हणजे सरकती, हलकी दारं. बाहेर रुंद वळचण आणि तिच्याखाली एन्गावा, थेट आपली पडवीच! पाऊस दोन्हीकडे भरपूर.

आपण मात्र सपाट स्लॅब टाकतो, तो गळला की वर पत्र्याची शेड चढवतो. म्हणजे उतरतं छप्पर शेवटी करावंच लागतं, तेही दुप्पट खर्चात. (आमच्या धंद्यातल्यांना हे बोललेलं आवडत नाही.)

घर बांधताय? वळचण, पडवी, छपराचा उतार, काहीही विचारा. जमेल तसं उत्तर देतो.