घोड्याचे खूर आणि इन्सुलिन

दरवर्षी दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्याची चाल, उंची, रंग पारखले जातात. मानेवर चरबी चढलेला गुबगुबीत घोडा दिसला की मालकाचे कौतुक होते. परंतु हीच चरबी एका क्लेशदायक व्याधीची पूर्वसूचना असू शकते, याची जाणीव पुष्कळांना नसते.

शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवांचे कार्य नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे त्यांपैकीच एक होय. रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचविण्यास ते साहाय्य करते. धान्य व गूळ यांचा अतिरेक आणि व्यायामाचा अभाव यांमुळे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे होते. मग स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवू लागते. घोड्यात रक्तातील साखर सहसा फारशी वाढत नाही. त्यामुळे हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

आघात होतो तो खुरावर. खुराच्या कठीण कवचाला आतील हाड नाजूक पापुद्र्यांनी जखडलेले असते. इन्सुलिन अतिशय वाढले की हे पापुद्रे ताणले जाऊन दुबळे होतात व हाड जागचे सरकू शकते. या विकारास लॅमिनायटिस म्हणतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तट्टांच्या रक्तातील इन्सुलिन वाढविले, साखर मात्र प्रमाणात ठेवली. तीन दिवसांच्या आत त्यांना हा विकार जडला.

वृद्ध घोड्यांत, विशेषतः वयाच्या १५ वर्षांनंतर, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या बिघाडानेही हा धोका वाढतो. उन्हाळ्यातही अंगावरचे लांब केस न झडणे, ही त्याची ठळक खूण होय.

पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेणे, वळताना कचरणे, खूर गरम लागणे ही लक्षणे दिसताच घोड्याला कामास जुंपू नये; त्वरित पशुवैद्यकांना बोलवावे. रक्ततपासणीने इन्सुलिनचे प्रमाण कळते. स्थूल घोड्याचा गूळ बंद करून धान्य कमी करावे, सुके गवत पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि खूर निरोगी असताना नियमित व्यायाम द्यावा. घोड्याच्या पाठीवर ज्या कुटुंबाची चूल पेटते, त्याच्या दृष्टीने मुठीतला गुळाचा खडा आवरणे हीच खरी माया ठरेल.